पाठीवरचा चंद्र

पुनवेच्या चांदण्याचं कुणी कौतुक करायला लागलं की मी तिथून उठून जाते. माझा नातू मास्तर हाय. तो सांगतो, चंद्र म्हणजे नुसती धूळ. पुनवेला सूर्य आपल्या पाठीमागं असतो, उजेड त्या धुळीवर पडून आल्या वाटेनंच माघारी फिरतो, म्हणून तिथल्या खड्ड्यांच्या सावल्या आपल्याला दिसतच न्हाईत. खड्डे असतात मात्र. मला हे शिकायला चंद्रावर जायची गरज न्हाई बाबा.

निजामाच्या राज्यातला शेवटचा उन्हाळा होता. आमी मेंढरंवाले. दिवसा ऊन लय, म्हणून दिवस मावळला की कळप हाकायचो, आन चंद्र पाठीवर घेऊनच. खड्ड्याची, दगडाची सावली दिसली की मेंढरू बुजतं. चंद्र पाठीवर असला की जमीन पांढरीफेक, सपाट दिसते. कळप गुमान चालतो.

त्या पुनवेला चुडाव्याच्या पुढं, नदीच्या कोरड्या पात्रात, माझी चार वर्षांची बहीण दिसेना. पाणी पाणी करत होती, सामानाच्या घोड्यावर बसवली होती, तिथून कधी उतरली कुणाला कळलं न्हाई. कंदील लावायची सोय नव्हती. रानात दिवा दिसला की निजामाचे बंदूकवाले यायचे. हाक मारायचीसुद्धा चोरी. बाप वाळूतून पळत सुटला, आई आन मी मागं. सवयीनं चंद्र पाठीवरच. वाळू नुसती लखलखत होती, पण पाऊल दिसंना, काहीच दिसंना. पलीकडच्या काठाला बाप मटकन खाली बसला. एवढ्या उजेडात दिसत न्हाई म्हणजे पोर हितं न्हाईच, असं तो पुन्हा पुन्हा म्हणायला लागला.

आई माघारी वळली. चंद्र तोंडावर आला, आन तीच वाळू काळ्या ठिपक्यांनी भरून गेली. मेंढरांचे खूर, आमची पावलं. बापाच्या पावलांना लागूनच एक मोठा काळा डाग होता. कुणीतरी पाण्यासाठी खणून ठेवलेला झिरा.

आई हळूच म्हणाली, "तुमी हितूनच गेलाव."

तळाला वीतभर पाणी होतं. बापानं पोरीला वर काढलं, तेव्हा जीव गेला होता, अंग मात्र अजून गरम होतं.

आई ते वाक्य पुन्हा कधी बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं बाप जगला तोवर पुनवेला मेंढरं चंद्राकडं तोंड करूनच हाकायचा. जागोजागी कळप बुजून अडायचा, आमी वैतागायचो. तो पुढं व्हायचा, वाकून त्या सावलीत हात घालून चाचपायचा, आन मग म्हणायचा, "चला."