जित्या भावाचं पान

माझा मधला भाऊ घुग्घुसला कोळशाच्या खाणीवर होता. दारूपायी नोकरी गेली, पण गावी परतायला त्याला तोंड नव्हतं. गावाने त्याला कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. अशात लहाना भाऊ निवडणुकीला उभा राहिला, तोही बायांना दारूबंदीचं वचन देऊन. म्हणून मधल्याला गुपचूप सावली गावात, माझ्या सासरी, धानाच्या खोलीत आणून ठेवलं.

एका चॅनलवाल्याने लहान्याला विचारलंच, "तुमचे एक भाऊ पितात म्हणे?"

"प्यायचा," लहाना म्हणाला. "त्यातच गेला बिचारा. म्हणून तर मी लढून राह्यलो."

वर डोळेही पुसले पठ्ठ्याने. सभेतल्या बाया रडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पितृपक्ष चालू होता. चॅनलवाल्यांना आता मेलेल्या भावाचं पान ठेवताना उमेदवार हवा होता. नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

"जित्या पोराचं पान ठेवाले लावतं मले?" माय ओरडली.

"एक दिवसाची तं गोष्ट आहे, माय," लहाना म्हणाला.

तिने रांधलं. वडे, खीर, कढी. चित्त ठिकाणावर नव्हतं, कढी पार आंबट झाली. मी चाखली आणि कोणाला काही बोलले नाही.

आमच्याकडे कावळा फार भाव खातो. बाबांच्या पानाला दरवर्षी ताटकळत ठेवतो. मला वाटलं, या पानाकडे तर तो फिरकणारच नाही आणि लहान्याची चांगली फजिती होईल. लहान्याने छपराच्या कवेलूवर पान ठेवलं. त्याचा हात मागे यायच्या आधीच कावळा उतरला आणि त्याने घास घेतला. झाडावर दुसरा एकही नव्हता. चॅनलवाले खूश झाले आणि माय जागच्या जागी खाली बसली.

मला तिथे थांबवेना. डब्यात जेवण भरून मी तडक सावली गाठली. मधला अंधारात पोत्यांना टेकून बसला होता. मी ताट वाढलं.

"भूक नाई, बाई. जेवलो ना मी."

"कुठी जेवला रे?"

"घरी. मायची कढी आंबट झाली होती आज."

मोबाईलवर त्याने सगळं पाहिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण कढी किती आंबट, ते मोबाईलमध्ये कुठून दिसणार? भीती वाटली आणि त्याहून जास्त संताप आला. मी त्याचं मनगट धरलं.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता चाल. साऱ्या कॅमेऱ्यांसमोर उभा करीन तुले."

त्याने हळूच हात सोडवून घेतला. बरं नसलेल्या माणसाची समजूत काढावी तसं माझ्याकडे पाहिलं.

"दार लाव, बाई. कोणी पायलं तं लहाना पडन."

मी जागची हलले नाही, तेव्हा त्यानेच उठून दार लावून घेतलं.