पडद्यामागचा डावरा राजा

उन्हाळ्यात पनवेलच्या मैदानात फिरता सिनेमा येई. पडदा पातळ असल्याने मागूनही चित्र दिसे. फक्त डाव्याचे उजवे होई. मागे तिकीट नसे. मिठागरावरचा एक डावखुरा गडी तिथेच गोणपाटावर बसून डाव्या हाताने चणे खाई. सोबती म्हणत, "डावऱ्या, तुला पोरगी कोन देल?" तो नुसता हसे.

एकदा मी त्याला माझ्याबरोबर पुढचे तिकीट काढून दिले. मध्यंतर होताच तो उठून मागे गेला. मी कारण विचारायला गेलो.

"मास्तर, तुमच्याकडं राजा उजव्या हातानं तलवार मारतो," तो म्हणाला. "हितं तो डावरा हाय. नि राजकन्या त्यालाच मिलते."

उरलेला सिनेमा मी त्याच्या गोणपाटावर बसून पाहिला.