भाताचा गोळा आणि दुर्बीण

महाड-पोलादपुरात कुणाच्या घशात काय अडकलंय, हे त्या माणसाच्या आधी माझ्या आतेभावाला कळतं! हा दुर्बिणीचा डॉक्टर. तोंडातून दुर्बीण घालून यानं नाणी, माशांचे काटे, मटणाचे तुकडे, एकदा तर नाकातली चमकी बाहेर काढलीय. काढलेली वस्तू धुऊन पेशंटच्या हातावर ठेवतो नि म्हणतो, "पुन्हा दाखवायला आणू नका." पोलादपूरला हळदीच्या जेवणात यानं खुद्द नवऱ्यामुलाच्या ताटातलं हाड उचलून घेतलं होतं. भर पंगतीत!

पण याचा खरा वैरी म्हणजे भाताचा गोळा. घशात काही अडकलं की वरून कोरड्या भाताचा गोळा गिळायचा, ही आपली पिढ्यानपिढ्यांची रीत. त्यानं अडकलेलं आणखी रुततं, शिवाय भरल्या पोटी भूल देणं जिवावरचं. म्हणून गोळा खाऊन आलेल्याला हा असा झापायचा की बाहेर बाकावर बसलेले लोकही उठून उभे राहायचे.

गेल्या वर्षी माझ्या आईनं तारेत बसवलेले दोन खोटे दात गिळले. वरंधहून तिला घेऊन मी थेट याच्याकडे आले. तिला लाळसुद्धा गिळता येईना.

"मामी, वरून काही खाल्लंस का गो?"

"नाय रे, काय पन नाय."

भूल दिली, दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर भातच भात! आई ठसकली, ओठ निळे पडले. हा मात्र एक शब्द चढ्या आवाजात बोलला नाही. तिला कुशीवर वळवलं, भात ओढून घेतला, श्वासासाठी नळी घातली आणि ती तार कुठं घासू न देता दात अलगद बाहेर आणले. काय हात आहे हो त्याचा!

आई शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तीन गोळे खाल्लेले. तू वरडशील म्हून भ्याले रे."

तो मटकन खुर्चीत बसला. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "मामी, माझ्या ओरडण्यानं गेली असतीस गो तू."

आता तो पेशंटच्या शेजारी बसून हळूच विचारतो, "गोळा खाल्लात ना? असू दे, फक्त सांगा." लोकही खरं सांगून टाकतात. चांगलंच झालं की. पण आईला तपासायला नेते तेव्हा आतून काहीच ऐकू येत नाही, आणि त्याच्या त्या दणदणीत आवाजाची मला फार आठवण येते.