आधी भाकरी खाल्ली, मग आडनाव वाचलं

त्यानं आधी भाकरी खाल्ली. मग कागद वाचला.

कडक भाकरीचं पाकीट मीच नेलं होतं. कुणाच्या दारी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्यातली रीत. तो सोलापुरातला नावाजलेला कर सल्लागार. तुकडा मोडून चावत म्हणाला, छान खुसखुशीत आहे. मग भागीदारीचा करारनामा उघडला. नावं दोन, माझं आणि माझ्या चुलतीचं. आडनाव एकच. त्याचं तोंड चालायचं थांबलं. तोंडातला घास त्यानं कागदी रुमालात काढला आणि रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकला. आमच्यासमोर. लपवावंसंही वाटलं नाही त्याला.

चुलतीनं ते बघितलं. ती भाकरी तिच्या हातची होती.

आम्ही गेलो होतो आमच्या दोघींच्या भाकरीच्या फर्मचं पहिलं आयकर रिटर्न भरायला. मुदत टळलेली. चूक आमचीच. रोज संध्याकाळी गल्ल्यातले पैसे दोघी निम्मे निम्मे वाटून घ्यायचो. फर्मकडं काही उरायचंच नाही. दोघींनी आपापलं रिटर्न वेळेत भरलं होतं. मग फर्मचं आणखी वेगळं कसलं, असं मी बी.कॉम. होऊनही धरून चालले. घरातली पहिली पदवीधर मी. पण कायद्याला फर्म हा तिसरा माणूस. तिचा पॅन वेगळा, तिचं रिटर्न वेगळं, नफा असो की तोटा. हे कळलं तेव्हा चुलती म्हणाली होती, "म्हंजी आपल्यात तिसरी बाई बी हाय व्हय? आन् तिला आपण उपाशीच ठिवली की."

घरी हसलो होतो. त्याच्या ऑफिसात हसू आलं नाही.

तुम्हा लोकांना सवलतीची सवय, नियम कशाला वाचाल, असं तो म्हणाला. मग नोटिशीची भीती घातली. दंड, चौकशी, बँकेचं खातं बंद. आणि शेवटी उपाय सांगितला. फर्म मोडा. त्याच्या मेव्हण्याचा खाण्याच्या मालाचा व्यापार. भाकऱ्या आम्ही थापायच्या, मेव्हण्यानं स्वतःच्या नावाच्या पाकिटात विकायच्या. मजुरी रोजच्या रोज. फर्म मोडल्याचा कागद त्यानं तिथंच छापून घेतला. शाईचं पॅड चुलतीपुढं सरकवलं.

"अंगठा लाव गं. तुझ्या नावाची भाकरी कोण खाणार?"

"मला सही येती," चुलती म्हणाली. हळू.

"येत असेल. अंगठा पुरे."

पन्नाशी ओलांडलेली बाई. तिला गं. मी ते पॅड उचललं आणि त्याच्याकडं परत सरकवलं.

"तुम्ही खाल्ली की आत्ता," मी म्हणाले. "आडनाव वाचायच्या आधी छान लागली."

"जास्त शिकलीस तू. दंड भरताना कळेल."

"भरू. फर्म मोडणार नाही."

करारनामा घेतला आणि बाहेर पडलो.

रिटर्न मी घरी बसून भरलं. चुकले, पुसलं, पुन्हा भरलं. विलंब शुल्क भरलं. फर्मतर्फे सही करणारी भागीदार म्हणून चुलतीचं नाव घातलं. तिच्या मोबाइलवर ओटीपी आला. तिनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

मेव्हण्याची बाजारात ओळख मोठी. त्याच आठवड्यात आमच्या नेहमीच्या दुकानदारांनी माल घेणं थांबवलं. कारण कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. सुरुवातीच्या खर्चानं पहिल्या वर्षी फर्मला तोटा झाला होता, पण रिटर्नला उशीर झाला म्हणून तो पुढच्या वर्षात वळता करता येत नाही. तो बुडाला.

नोटीस येईल की नाही, माहीत नाही. आली तर फर्मच्या नावानं येईल, आमच्या वस्तीच्या पत्त्यावर. तिचं उत्तर मी लिहीन. भाकरी कमी खपली तर कमी थापू. पण दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटात आमची एक भाकरी जाणार नाही.