चौथा ठोका

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो, हे आधीच कबूल करतो. माझा सगळा जन्म गाड्यांच्या डेंटिंगमध्ये गेला. पत्रा ठोकायचा, तळहात फिरवायचा, पुन्हा ठोकायचा. जे हाताला लागत नाही ते नाहीच, असा माझा सरळ मामला. बायको म्हणते, तुमच्या वाटेला भूतसुद्धा जायचं नाही, कंटाळेल बिचारं... ते खरंही असेल. तरी हे लिहितोय, कारण माझी मुलगी. ती आता चाळिशीच्या जवळ आलीय, हे टाईपही तीच करतेय, आणि ती आज आहे त्यामागे एक गोष्ट आहे जी मी घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

साल शहाऐंशी असावं. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या मागच्या अंगाला तेव्हा टेकडी होती आणि टेकडीत दगडाची खाण. खाणीच्या पायथ्याशी दहा-बारा पत्र्याच्या शेड — लेथवाले, वेल्डिंगवाले, आणि शेवटची आमची. दुपारी एकच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडायचा. आधी एक माणूस लाल झेंडा घेऊन शिट्टी मारत यायचा. शिट्टी झाली की सगळ्या शेडमधल्या हातोड्या थांबायच्या, कारण सगळं संपल्यावरची दुसरी शिट्टी ऐकू यायला हवी. मग धडाम्... आणि वर पत्र्यावर खडीचा पाऊस.

आता आमची अक्कल बघा. शिट्टी झाली की आम्ही गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर गोणपाटं टाकायचो, जाड, दोन-दोन पदरी. आणि स्वतः जाऊन बसायचो शेडच्या मागच्या टोकाला, त्याच तकलादू पत्र्याखाली, डबे उघडून. वर्षानुवर्षं बारीक खडीच यायची, म्हणून भीती मेली होती. उलट खडीचे पोचे पडलेल्या गाड्या आमच्याकडेच यायच्या, त्यामुळे खाणीला शिव्या द्यायचीही सोय नव्हती.

शेड मुळात गुणाजी मेस्त्रींची. मालवणकडचे, बारीक चणीचे, तोंडाने फटकळ. त्यांच्या हाताखाली मी दहा वर्षं काढली. काम करताना त्यांची एक सवय होती. पत्र्यावर तीन ठोके घालायचे आणि चौथा बाजूला ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर, रिकामा. रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा होता तो, एका कडेला चीर गेलेला. त्यामुळे त्याचा आवाज साधा नव्हता. टंग झालं की मागे एक बारीक थरथर यायची. ठक ठक ठक, टंग... दिवसभर तेच. मी एकदा विचारलं, हा चौथा कशाला फुकट घालवता? तर म्हणाले, "तो देवाचो. तेवढ्यात हात थंड होता, कान जागो होता, आणि पत्रो काय म्हणता ता समाजता."

मेस्त्री त्र्याऐंशीला गेले. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात संपलं. काकी, म्हणजे त्यांची बायको, मालवणला परत गेली. जाताना शेड मला दिली आणि तो रुळाचा तुकडा मात्र ट्रंकेत घालून सोबत नेला. म्हणाली, ह्यांचा हात लागलाय त्याला. माझं लग्न त्यानंतर वर्षभराने झालं. शालिनीने मेस्त्रींना कधी पाहिलं नाही, आणि तो तुकडाही नाही. हे लक्षात ठेवा.

तुकडा गेला तसा माझा चौथा ठोकाही गेला. खरं सांगायचं तर मी अजून बऱ्याच गोष्टी सोडल्या होत्या. पोचा खालून ठोकून पत्रा मूळ जागेवर आणायचा म्हणजे वेळ लागतो, डोकं लागतं. त्यापेक्षा खड्ड्यात लांबी भरायची, म्हणजे रंगाऱ्याचा तो जाड लेप, वर घासायचं आणि रंग मारायचा. वरून गुळगुळीत, वर्षभराने गाडी खड्ड्यात आपटली की लांबी सुटून हातात. तोवर कोण विचारतो... मी असा झालो होतो.

त्या दिवसांत पेडणेकर नावाचे एक गृहस्थ आले. पलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरीला, काळी फियाट. गाडी गेटबाहेर उभी असताना खाणीची खडी बॉनेटवर आली होती. बारीक बारीक अकरा पोचे, मी खडूने गोल करून मोजले. पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीचं लग्न, आणि ती याच गाडीतून सासरी जाणार होती. पण ते मेस्त्रींना शोधत आले होते, मेस्त्री गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. ऐकून हळहळले. मग म्हणाले, मला त्यांच्या हातचं काम हवं होतं, लांबी नको. मी छातीला हात लावून सांगितलं, काका, मी त्यांच्याच हाताखाली शिकलोय, तसंच करून देतो.

आणि बॉनेट काढून दोन ड्रमवर ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत अकराही पोचे लांबीने भरले!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर लांबी खाली पडलेली. तुकडे नाहीत, चुरा नाही. अकराच्या अकरा चकत्या बॉनेटखाली, जमिनीवर, अख्ख्या. मी म्हटलं, लांबी जुनी असेल. नवा डबा आणला, पत्रा घासून, पुसून पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच. शेजारचा वेल्डर म्हणाला, हवा दमट आहे रे, वाट लागली तुझ्या लांबीची. मीही तेच धरून चाललो. पण एक सांगतो, लांबी सुटते तेव्हा ती तुटून सुटते, अशी शंकरपाळ्यासारखी अलगद सुटत नाही.

आता लग्न दोन दिवसांवर आलेलं. नाइलाज झाला आणि मी हातोडी घेतली. सवय मोडली होती, पहिले दोन पोचे काढताना घाम फुटला. मग हळूहळू हात बसला. साडेबारापर्यंत दहा पोचे निघाले. राहिला अकरावा, त्याला मी पुन्हा खडूने गोल केला. तो नेमका बॉनेटच्या आतल्या पट्टीवर होता. तिथे खालून हात जात नाही, आणि त्याला मधोमध घडी पडली होती. उथळ पोचा उन्हाने कधीकधी आपोआप वर येतो, हे मलाही माहीत आहे. घडी पडलेला येत नाही. आणि बॉनेट सावलीत होतं.

तेवढ्यात शालिनी डबा घेऊन आली. तिला सातवा महिना होता. आधी एकदा चौथ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे माझी आई तिला घराबाहेर पडू द्यायची नाही. पण घरी बसून बसून जीव उबतो म्हणून ही दहा मिनिटांवरच्या शेडपर्यंत चालत यायचीच. मी कौतुकाने तिला काम दाखवलं. डोळे मिटायला सांगून तिचा तळहात पत्र्यावरून फिरवला. दहा जागी तिला काही लागलं नाही. अकराव्या जागी तिचं बोट अडकलं. "हा राहिला ना," म्हणाली. म्हटलं, जेवून करतो.

शिट्टी झाली. हातोड्या थांबल्या. गोणपाटं टाकून आम्ही मागे जाऊन बाकावर बसलो. बांगड्याचं तिखलं होतं, अजून आठवतंय. मी दुसरा घास घेतला असेल, आणि शालिनी म्हणाली, "कोण ठोकतंय हो?"

ठक ठक ठक, टंग.

आवाज पुढून येत होता, आमच्याच शेडमधून. मी घास तसाच हातात धरून ऐकत राहिलो. ठक ठक ठक, टंग... आणि टंगच्या मागे ती थरथर. माझ्या अंगावर काटा आला, पण डोक्यात पहिला विचार आला तो रागाचा, की कोणीतरी माझ्या कामाला हात लावतोय. उष्ट्या हाताने उठून पुढे गेलो. कोणी नाही. हातोडी मी ठेवली होती तिथेच. आवाज थांबलेला. बॉनेटवरचं गोणपाट मात्र दुमडून बाजूला सारलेलं, आणि अकराव्या पोच्याभोवतीच्या खडूच्या गोलात पत्रा सपाट.

मी डावा हात फिरवला. पुन्हा फिरवला. घडी नाही, ठोक्याची खूण नाही, काहीच नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून हाक मारली, "शालू, इकडे ये जरा. तुझा हात दे."

ती कुरकुरली. जेवण टाकून कशाला उठवता, नंतर बघते, म्हणाली. मी पुन्हा हाक मारली. मग कमरेवर हात ठेवून, मला दोन शब्द सुनावत आली. तिचा हात धरून मी त्या गोलात ठेवला. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात सुरुंग उडाला.

त्या दिवशी नुसती खडी आली नाही. मागून असा आवाज झाला की दोघंही खाली बसलो. धूळ बसल्यावर पाहिलं, तर मागच्या पत्र्याला भगदाड, आणि जात्याच्या तळीएवढा दगड बाकाच्या मधोमध. बाक दुभंगला होता. डबा चपटा झाला होता, झाकण आणि बूड एक झालेलं. शालिनी जिथे बसली होती, नेमकी तीच जागा.

ती रडली नाही. पोटावर हात ठेवून उभी राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हलतंय." मी मात्र तिथेच, खडीत, लहान मुलासारखा रडलो. लाज वाटत नाही सांगायला.

पेडणेकर शनिवारी गाडी न्यायला आले. बॉनेटवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, अगदी मेस्त्रींचं काम वाटतंय. मी म्हटलं, त्यांनीच केलंय. त्यांना वाटलं पोरगा विनयशील आहे. पाठ थोपटून गेले.

मुलगी झाली. सहा महिन्यांची झाल्यावर तिला काकीच्या पायावर घालायला आम्ही मालवणला गेलो. शालिनीला मी तोवर एवढंच सांगितलं होतं की तो आवाज मेस्त्रींच्या कामाच्या पद्धतीचा होता. रुळाच्या तुकड्याचं बोललो नव्हतो. काय बोलणार, मीच स्वतःला समजावत होतो की पलीकडच्या कुठल्या शेडमध्ये कोणीतरी लोखंड आपटलं असेल.

जेवणं झाली. शालिनी आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. मी आणि काकी मागच्या दारी. काकी सुपाऱ्या फोडायला बसली आणि खाली घ्यायला तिने तो तुकडा ओढला. मी विचारलं, हा मधे कुठे गेला होता का? कोणी नेला होता? ती म्हणाली, "खंय जातलो? हाडल्यापासून हयसरच आसा." आणि सुपारी ठेवून तिने हातोडी मारली. सुपारी निसटली, आणि हातोडी पडली लोखंडावर.

टंग. आणि ती थरथर.

आतून शालिनी आली. पदर तसाच, बाळ कडेवर, चेहरा पांढरा. माझ्याकडे नाही, त्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "अहो, हाच."

मग मी काकीला सगळं सांगितलं. लांबी भरल्याचंही सांगितलं, तेच सांगणं जास्त जड गेलं. तिने ऐकून घेतलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्या टाळूवरून हात फिरवत राहिली, मेस्त्री पत्र्यावरून फिरवायचे तसाच. मग हसली. म्हणाली, "मेले तरी तुझा काम तपासूक इले म्हणायचे. जित्ते आसताना तरी खंय सोडल्यानी तुका."

घरातल्यांनी मला खूप स्पष्टीकरणं दिलीत. पत्रा तापला असेल, आवाज टेकडीवर आपटून परत आला असेल, आठवण असेल, भास असेल. भास मला झाला असेल, मान्य. पण जो तुकडा मालवणला होता, त्याचा आवाज शालिनीला आमच्या शेडमध्ये कसा ऐकू आला? चाळीस वर्षं होत आली, मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

निघताना काकीने तो तुकडा माझ्या पिशवीत घातला. लांबी भरणं मी त्या वर्षीच बंद केलं, आणि चौथा ठोका पुन्हा सुरू केला. गुडघ्यांमुळे आता काम सुटलंय, तरी रोज सकाळी चहाच्या आधी एकदा तुकड्यावर हातोडी टेकवतो. मुलगी आली असेल तर ती आतून ओरडते, बाबा, झालं का तुमचं? मेस्त्री म्हणायचे, हा ठोका देवाचा. देवाची माफी मागून सांगतो, माझा मेस्त्रींचा आहे.