घेवड्याच्या पाच जागा

गावाने त्याला सावधानराव हे नाव उगीच ठेवलं नव्हतं. जमीन म्हणाल तर जेमतेम दोन एकर, पण तिचे त्याने सात तुकडे पाडून त्यांत पाच पिकं घेतलेली. पेरणीही एका दिवशी उरकायची नाही. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. "सगळं एकदम बुडायला मी काय खुळा आहे?" असं तो छाती काढून विचारी, आणि मग थोडंथोडं करून बुडे.

त्याचा खरा जीव घेवड्यात. वडिलांच्या वेळचं बी. पावसाने महिनाभर दडी मारली तरी तग धरणारं. बाजारात ते मिळत नसे आणि सावधानराव कुणाला देत नसे. पुन्हा पेरायची वेळ आलीच तर असावं म्हणून तो ते राखेत घोळून पाच ठिकाणी लपवून ठेवी.

त्या वर्षी ती वेळ आली. पहिली पेरणी पाखरांनी वेचली, दुसरी उन्हाने करपली, तिसरी गारांनी झोडपली. गारांमुळे जमिनीत ओल तेवढी आली, तीही चार दिवसांची. तेवढ्यात घेवडा पेरला नाही तर वाणच संपणार होता.

"घाबरायचं काय कारण?" असं बायकोला म्हणून तो माळ्यावर चढला. तिथल्या मडक्यात उंदराची पिल्लं सुखाने नांदत होती. कोठीतल्या डब्याला बुरशी आली होती. पलंगाखालच्या पेटीतलं बी किड्यांनी पोखरलं होतं. गोठ्याच्या कोनाड्यातलं तर गाईने राखेसकट फस्त केलं होतं, आणि ती अजून त्याच्याकडे आशेने बघत होती.

पाचवी जागा काही केल्या आठवेना.

"पाचवी कुठली गं?"

"मला काय विचारता? माझ्यापासूनच तर लपवली होती!"

सावधानराव मटकन खाली बसला. वडिलांचं बी आपल्या हातून संपलं, या विचाराने त्याला रडूच फुटलं. ते बघून बायको विरघळली. "धाकट्या भाऊजींकडे जा," ती म्हणाली. "जाऊबाईंना मी दरवर्षी ओंजळभर देत आलेय."

धाकट्या भावाशी बांधाच्या वादावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. सावधानराव आधी भडकला. "मला न विचारता?" म्हणून ओरडला. मग नाक पुसून हळूच म्हणाला, "किती असेल गं त्यांच्याकडे?"

भाऊ अंगणात दोर वळत बसला होता. सावधानराव वाटेत जुळवलेलं भाषण दारातच विसरला. "घेवडा..." एवढंच तो कसाबसा बोलला.

भाऊ आत गेला आणि दोन पिशव्या घेऊन आला. एक त्याने पुढे केली.

"आणि ती दुसरी?" सावधानरावाने विचारलं.

"ती इथंच राहू दे, दादा. तुझं पुन्हा काही झालं तर?"

सावधानराव पिशवी छातीशी धरून उभाच राहिला. पिकं पाच, पेरण्या तीन, तुकडे सात. भाऊ मात्र त्याला एकच होता, आणि तो त्याने दोन वर्षं असाच उघड्यावर टाकला होता.