डावीकडची सीट

हे गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिकोडीला बहिणीकडे होते. दुपारी दुकानात काम करता करता बसल्या जागी गेले. दीड महिना झाला... अजूनही संध्याकाळी माझे पाय दुकानाकडे वळतात.

निपाणीत यांचं कुशनचं दुकान. पोटासाठी जीपा आणि टेंपो, पण जीव जडला तो जुन्या, बुटक्या, दोनच सीटांच्या स्पोर्ट्स कारवर. पुण्याहून, गोव्याहून हौशी मालक फाटक्या सीटा पाठवायचे. हे सांगाडा ठोकून सरळ करायचे, स्प्रिंगा बदलायचे, काथ्या भरून चामडं चढवायचे. कुणाला डोकं टेकायला उशी हवी असली तर तीही अशी बेमालूम बसवायचे, की मूळचीच वाटावी. मग दोन्ही सीटा लाकडी ठोकळ्यांवर शेजारी शेजारी मांडायच्या. उजवीकडे हे, डावीकडे मी, समोर भिंत. निपाणीहून बेळगाव गाठायला लागतो तेवढा वेळ बसायचं, कारण सीटचा खरा स्वभाव तासाभरानंतरच कळतो, असं त्यांचं म्हणणं. घरात मुखदुर्बळ माणूस, पण तिथे बोलायचा. मधेच म्हणायचे, "संकेश्वर आलं. कंबर काय म्हणतीय गं?" मी सांगेन तिथे सीट पुन्हा उघडायची. मला त्यांच्या शेजारी बसून अशा गाडीतून एकदा खरंच बेळगावला जायचं होतं. 'पुढच्या गाडीला नक्की' हे त्यांचं पालुपद. ते राहूनच गेलं, आणि फार सलतं.

मी अंगानं ठेंगणी, त्यामुळे डावीकडची प्रत्येक सीट माझ्या मापाची व्हायची. एका मालकानं, बायकोच्या मांड्या अधांतरी राहतात, अशी कुरकुर केली, तेव्हा यांनी शांतपणे सांगितलं, "बसून बघायला माझीच बायको हाय. तुमची कुठनं आणू?" मी आत तोंडाला पदर लावून हसत होते.

शेवटची जोडी शिवून झाली होती, बसून बघायचं तेवढं राहिलं होतं. या वेळी गाडीही दुकानापुढेच उभी होती. तेराव्यानंतर बेळगावचे मालक पत्नीला घेऊन आले आणि मेकॅनिककडून सीटा बसवून घेतल्या. बाई चांगली उंच. ती बसली तर गुडघे वर, पाठीचा उंचवटा भलत्याच ठिकाणी. उसवून दुरुस्त करून देते, असं मी म्हणायला हवं होतं. शिलाई मलाही येते. पण त्यांच्या हातचे टाके मी उसवायचे?... "नवीन काथ्या हाय ताई," मी म्हणाले, "वापरून वापरून बसंल जाग्यावर." धडधडीत थाप. तीही अशा माणसाच्या दुकानात, ज्यानं आयुष्यभर तसूभर फरक चालू दिला नाही.

बाईनं माझ्याकडे पाहिलं, उतरली आणि दार धरून म्हणाली, "आक्का, तुम्ही बसा." मी बसले. कंबर, मांड्या, मान... सगळं जिथल्या तिथे. तिला काय कळलं कोण जाणे, सीट अशीच राहू दे म्हणाली. मालकांनी विचारलं, घाटापर्यंत एक चक्कर मारून येऊ या का? इतकी वर्षं जिच्यासाठी आसुसले होते, ती चक्कर दारात उभी होती. मी मान हलवून हो म्हटलं. मालक वळसा घालून उजवीकडे बसायला आले, आणि मी दार उघडून खाली उतरले.